पांढरा कापूस, पांढरी रुई, पांढरं सूत

दिवाळी उलटली की मानवत, सेलू, परभणीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडीत असतो तो पांढरा कापूस. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की त्याचीच होते पांढरी रुई. रुई सूतगिरणीत गेली की तिचंच निघतं पांढरं सूत. तंतू तोच, रंग तोच, पण रंगासाठीचा शब्द वाटेत दोनदा बदलला. पांढरा, पांढरी, पांढरं.

आता शेजारी मिरचीचं पोतं ठेवा. लाल मिरची. पलीकडे कुंभाराचा लाल माठ आणि म्हाताऱ्या पाटलाच्या डोक्यावर लाल पागोटं. मिरची स्त्रीलिंगी, माठ पुल्लिंगी, पागोटं नपुंसकलिंगी, तरीही 'लाल' जागचा हलत नाही. 'लाली मिरची' असं शाळेत न गेलेलं लेकरूसुद्धा म्हणणार नाही.

'पांढरा' बदलतो आणि 'लाल' का बदलत नाही? मराठीच्या घरात वाढलेल्याला हा प्रश्न कधी पडत नाही. तो पडतो परकी भाषा शिकायला बसल्यावर. समजा, सेलूची एखादी मुलगी पुण्याला गेली आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचच्या वर्गात बसली. पहिल्या महिन्यातच तिला सांगतात की पांढऱ्याला फ्रेंचमध्ये 'ब्लाँ' म्हणायचं, पांढरीला 'ब्लाँश'. लाल मात्र दोन्हीकडे 'रूज'. ती वहीत दोन रकाने आखते आणि पाठांतराला लागते. खरं तर ती जे पाठ करते आहे, त्याची अख्खी यंत्रणा घरूनच घेऊन आलेली असते, आणि तीही फ्रेंचपेक्षा मोठी. ती उघडून पाहिली की फ्रेंचचीही कळते.

लिंग वस्तूचं नाही, शब्दाचं

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. कापसात पुरुषासारखं काही नाही आणि रुईत बाईसारखं काही नाही. कापूस हा शब्द पुल्लिंगी आहे, रुई हा शब्द स्त्रीलिंगी आहे, इतकंच. वस्तू एकच असूनही शब्द बदलताच लिंग बदललं, ही त्याची साक्ष. व्याकरणातलं लिंग म्हणजे शब्दांचे गट. मराठीत तीन गट आहेत, फ्रेंचमध्ये दोन. त्यांना पुरुष आणि स्त्री यांची नावं पडली, कारण माणसं आणि जनावरं यांच्या बाबतीत हे गट बहुतेक जुळतात. बाकीच्या हजारो शब्दांना ती नावं नुसती चिकटलेली आहेत.

दुसरी गोष्ट. विशेषणाला स्वतःचं लिंग नसतं. 'पांढरा' हा पुल्लिंगी शब्द आहे, असं म्हणणं चूक आहे. ज्या नामाला तो लागतो, त्याचं लिंग तो तेवढ्यापुरतं उसनं घेतो.

मोंढ्यातला मार्का

हे उसनं घेण्याचं कारण काय? मोंढ्यात माल उतरताना पाहिलं असेल, तर उत्तर समोर दिसेल. एकाच फळीवर चार व्यापाऱ्यांची पोती पडलेली असतात. प्रत्येकाच्या पोत्यावर त्याचा मार्का असतो. पोती इकडची तिकडे झाली, मध्ये दुसऱ्याचा माल आला, तरी हमाल मार्का पाहून कोणाचं काय ते बरोबर लावतो.

भाषेतही शब्द असेच विखुरतात. 'काल रात्री आडतीसमोर उतरवलेली, पावसात भिजलेली, ओळखीच्या शेतकऱ्याने आणलेली ज्वारी' या ओळीत ज्वारी अगदी शेवटी आहे. पण 'उतरवलेली' ऐकताच कानाला कळलं की स्त्रीलिंगी काहीतरी येतंय. 'उतरवलेला' ऐकलं असतं तर मन कापूस, हरभरा, गूळ यांच्याकडे वळलं असतं. ज्वारीचा मार्का तिच्या विशेषणांवर आहे, क्रियापदावर आहे, 'माझी-तुझी'वर आहे. व्याकरणात याला अन्वय म्हणतात, म्हणजे एका कुळातल्या शब्दांनी एकच खूण लावणं.

मराठीत हा मार्का फार ठिकाणी उमटतो. परभणी-नांदेडकडे आपण 'मी जायलो' म्हणतो की 'मी जायले', यावरून बोलणारा कोण ते पडद्याआडूनही कळतं. फ्रेंच माणसाचं 'मी जातो' आणि फ्रेंच बाईचं 'मी जाते' मात्र एकच असतं. तिथे वर्तमानकाळी क्रियापद लिंग दाखवत नाही. 'मी लहान आहे' म्हणताना पुरुष 'पती' म्हणेल आणि बाई 'पतीत', तेव्हा उलगडा होतो. म्हणजे फ्रेंचमध्ये लिंग दाखवण्याचा पुष्कळसा भार एकट्या विशेषणाच्या डोक्यावर आहे. तिथे विशेषण चुकलं की कानाला लगेच खटकतं ते यामुळेच.

बांध गेला, माती राहिली

आता मूळ कोड्याकडे. 'पांढरा' बदलतो, 'लाल' नाही. व्याकरणाच्या पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत असतं: 'आ'ने संपणारी विशेषणं बदलतात, बाकीची बदलत नाहीत. पांढरा, काळा, मोठा, कोरडा, हिरवा बदलतात. लाल, गोड, कडू, उंच, हुशार, गुलाबी बदलत नाहीत. नियम बरोबर आहे, पण तो 'काय' सांगतो, 'का' सांगत नाही. 'का' कळायला हजार-दीड हजार वर्षं मागे जावं लागतं.

संस्कृतमध्ये जवळपास प्रत्येक विशेषण बदलत असे. बदल दाखवणारा स्वर शब्दाच्या अगदी टोकाला असे. टोकाची गोष्ट झिजते. गोदावरीच्या काठावरची माती पावसाळ्यागणिक ढासळते, तसे शब्दांच्या टोकाचे स्वर शतकामागून शतक ढासळत गेले. 'उच्च'चा आपला 'उंच' झाला, 'हस्त'चा 'हात', 'दंत'चा 'दात'. टोकाचा 'अ' गेला आणि त्याच्याबरोबर लिंग दाखवायची जागाही गेली. म्हणून उंच माणूस, उंच बाई, उंच झाड.

पण लोकांच्या बोलण्यात पुष्कळ शब्दांना शेवटी एक जास्तीचा 'क' लावायची सवय होती. 'घोट'चा 'घोटक', 'काल'चा 'कालक'. अर्थात फारसा फरक नव्हता. हा 'क' शब्दाच्या टोकाला बांधासारखा उभा राहिला. पुढे तो स्वतः झिजून गेला, पण जाताना मागचा आणि पुढचा असे दोन स्वर एकत्र आले आणि त्यांचा एक दीर्घ, टिकाऊ स्वर झाला. 'घोटक'चा 'घोडअ' आणि मग 'घोडा'. 'घोटिका'ची 'घोडी'. 'घोटकं'चं 'घोडं'. तसाच काळा, काळी, काळं. बांध वाहून गेला, पण त्याने अडवलेली माती आजही आपल्या तोंडात आहे. 'पांढरा' बदलतो, कारण त्याच्या पूर्वजाला हा बांध लाभला होता.

'लाल'चं प्रकरण वेगळं. तो फारसीतून आला, तोही व्यंजनाने संपणारा. त्याला मराठीत बदलायला टोकच नव्हतं. फारसीतूनच आलेला 'ताजा' मात्र 'आ'ने संपत होता, म्हणून मराठीने त्याला घरच्यासारखं वागवलं: ताजा हुरडा, ताजी भेंडी, ताजं दही. तरीही 'जादा' अजून बाहेरचाच राहिला आहे. जादा गाडी म्हणतो, 'जादी गाडी' नाही. भाषेचे नियम दगडावरचे नसतात. एखादा शब्द आत घेतला जातो, एखादा उंबऱ्यावर राहतो. फ्रेंचमध्येही 'शिक' हा रुबाबदार अशा अर्थाचा शब्द दोन्ही लिंगांत जसाच्या तसा राहतो. 'मारों' म्हणजे तपकिरी, तोही तसाच. हा मुळात एका फळाचं नाव, म्हणून तो विशेषणाच्या पंक्तीत पूर्ण बसलाच नाही.

मराठीचा हा इतिहास नीट मांडणाऱ्यांत एक फ्रेंच माणूस होता, हे इथे सांगितलंच पाहिजे. झ्यूल ब्लॉक नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मराठी भाषा कशी घडली यावर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. मराठीच्या अभ्यासकांना आजही त्याच्याकडे जावं लागतं.

फ्रान्समध्ये तोच बांध, उलट्या बाजूने

फ्रेंचची आजी लॅटिन. तिथेही संस्कृतसारखी तीन लिंगं होती. थंड म्हणजे पुल्लिंगी 'फ्रिगिदुस', स्त्रीलिंगी 'फ्रिगिदा'. टोकाचे स्वर इथेही ढासळले, पण सगळे सारखे नाहीत. पुल्लिंगी 'उस' पार गेला. स्त्रीलिंगी 'आ' जरा दणकट होता. तो क्षीण होऊन अर्ध्या 'अ'सारखा उरला. फ्रेंच लिहिताना शेवटी जे 'ई' अक्षर येतं, ते त्याचंच.

पुढे मध्ययुगाच्या उत्तरार्धात शब्दाच्या टोकाची व्यंजनंही फ्रेंच लोकांच्या उच्चारातून गळू लागली. पुल्लिंगी शब्दाचं व्यंजन उघड्यावर होतं, ते गळलं. स्त्रीलिंगी शब्दाच्या व्यंजनापुढे तो क्षीण स्वर बांधासारखा उभा होता, म्हणून ते वाचलं. मग स्वरही उच्चारातून गेला. आज पुल्लिंगी थंड म्हणजे 'फ्रुआ' आणि स्त्रीलिंगी थंड म्हणजे 'फ्रुआद'. मोठा म्हणजे 'ग्राँ', मोठी म्हणजे 'ग्राँद'. लहान तो 'पती', लहान ती 'पतीत'.

आपल्याकडे व्यंजनाच्या बांधाने स्वर वाचवला, तिकडे स्वराच्या बांधाने व्यंजन वाचवलं. मराठीत लिंग कळतं ते शेवटच्या स्वरावरून, फ्रेंचमध्ये शेवटी व्यंजन ऐकू आलं की नाही यावरून. फ्रेंचच्या पुस्तकात लिहितात, 'पुल्लिंगी रूपाला ई जोडा की स्त्रीलिंगी झालं.' डोळ्यांसाठी ते बरोबर आहे. कानासाठी उलट सांगायला हवं: स्त्रीलिंगी रूप आधी शिका, त्याचं शेवटचं व्यंजन गाळा, पुल्लिंगी मिळालं. सेलूच्या त्या मुलीने वहीत 'पतीत' आधी लिहिलं, तर 'पती' आपोआप येईल. 'पती'वरून 'पतीत'मधला 'त' येणार की 'द', हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही.

आणि 'रूज'? त्या शब्दाच्या पुल्लिंगी रूपातही शेवटचं व्यंजन तोलायला एक क्षीण स्वर आधीच होता. दोन्हीकडे बांध, म्हणून दोन्हीकडे व्यंजन वाचलं आणि फरक उरला नाही. 'नुआर', म्हणजे काळा, लिहिताना बदलतो, पण बोलताना नाही, कारण त्याचा 'र' पुल्लिंगातही गळला नाही.

'ग्राँ'ची एक गंमतीची खूण राहून गेली आहे. लॅटिनमध्ये 'मोठा' आणि 'मोठी' यांना एकच रूप होतं, 'ग्रांदिस'. जुन्या फ्रेंचमध्येही ते एकच राहिलं. नंतर इतर विशेषणांचं पाहून लोकांनी त्यालाही स्त्रीलिंगी शेपूट लावलं. पण आजीसाठीचा जुना जोडशब्द तोवर घरोघरी रुजला होता. म्हणून आजही फ्रेंच मूल आजीला 'ग्राँ-मेर' म्हणतं, 'ग्राँद-मेर' नाही. फ्रेंच अकादमीने 1932 पर्यंत तिथे मधोमध लोपचिन्ह ठेवलं होतं, जणू एक अक्षर हरवलं आहे. हरवलं काहीच नव्हतं. ते कधी आलंच नव्हतं.

'घरचा'तला च आणि 'घरची'तला च

ब्लाँ-ब्लाँश या जोडीतला 'श' कुठून आला, हे अजून राहिलं. त्यासाठी हे दोन शब्द मोठ्याने म्हणा: घरचा, घरची. नीट ऐका. 'घरचा'मधला च दातांजवळून येतो, 'चमचा'तल्यासारखा. 'घरची'मधला च टाळूवरून येतो, 'चिमणी'तल्यासारखा. अक्षर एकच लिहितो, ध्वनी दोन आहेत. 'माझा' आणि 'माझी' यांचंही तेच. पुढे 'ई' आली की जीभ आधीच टाळूकडे सरकते आणि व्यंजनाचा रंग बदलते.

फ्रेंचमध्ये हेच झालं, फक्त स्वर वेगळा. तिथे 'क'पुढे 'आ' आला की जुन्या काळी तो 'क' टाळूकडे सरकून 'च' झाला आणि पुढे 'श'. लॅटिनमधला कोरडा 'सिक्कुस', कोरडी 'सिक्का'. आजचे त्यांचे वारस 'सेक' आणि 'सेश'. ब्लाँश तशीच. स्त्रीलिंगी स्वराने व्यंजनाला ओढलं आणि नंतर तो स्वर स्वतः गप्प झाला.

या चा-ची-चंबद्दल आणखी एक गोष्ट, कारण इथे मराठीची श्रीमंती दिसते. 'त्याची आई' आणि 'तिची आई' घ्या. 'त्या' आणि 'ति' यांवरून कळतं मालक कोण, पुरुष की बाई. 'ची'वरून कळतं की ज्याबद्दल बोलतो ते नाम स्त्रीलिंगी आहे. फ्रेंचमध्ये दोन्हींना 'सा मेर' म्हणतात. तिथे आईचं लिंग दिसतं, मालकाचं नाही. इंग्रजीत मालकाचं दिसतं, पण आईच्या जागी वडील आले तरी शब्द हलत नाही. मराठी दोन्ही बाजूंना मार्का लावते.

आणि इतकं सगळं लावणारी ही भाषा एका ठिकाणी हात आखडता घेते. नामाला प्रत्यय लागला की लिंग पुसून टाकते: पांढऱ्या कापसाला, पांढऱ्या रुईला, पांढऱ्या सुताला. तिन्हीकडे 'पांढऱ्या'. हिंदी-उर्दूत इथेही 'अच्छे लड़के को', 'अच्छी लड़की को' असा भेद राहतो.

एका गल्लीत दोन हिशेब

परभणी जिल्ह्यात हे सगळं समजून घ्यायला पुस्तकाची गरज नाही, कारण इथे दोन लिंगांची भाषा आणि तीन लिंगांची भाषा शतकानुशतकं एकाच गल्लीत नांदत आहेत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची उर्दू, आणि शेतात-घरात मराठी. आजही तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात एकाच दुकानावर माणूस एका गिऱ्हाइकाशी दखनी उर्दूत आणि दुसऱ्याशी मराठीत बोलताना दिसतो.

संस्कृतच्या तीन लिंगांपैकी नपुंसकलिंग हिंदी-उर्दूने सोडलं. मराठी, कोकणी आणि गुजरातीने राखलं. लॅटिनच्या तीनपैकी तेच लिंग फ्रेंचनेही सोडलं. म्हणजे आपल्या गल्लीतली उर्दू या बाबतीत मराठीपेक्षा फ्रेंचच्या जवळची आहे. नपुंसकलिंग सुटलं तेव्हा त्यातले बहुतेक शब्द दोन्हीकडे पुल्लिंगात गेले. 'माझं घर' तिकडे 'मेरा घर'.

फ्रेंचमध्ये काही शब्द मात्र चुकून स्त्रीलिंगात शिरले, आणि त्याचं कारण मराठी माणसाला लगेच पटेल. लॅटिनमध्ये पानं म्हणजे 'फोलिया', नपुंसकलिंगी अनेकवचन. त्याच्या शेवटी 'आ', आणि स्त्रीलिंगी एकवचनाच्या शेवटीही 'आ'. ऐकणाऱ्यांची गल्लत झाली आणि पान हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी ठरला. आपल्याकडेही तोच सापळा आहे. पिवळी साडी, आणि पिवळी पानं. नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन यांचं रूप एकच. पूर्वी 'पिवळीं पानें' असं अनुस्वार देऊन लिहीत, म्हणजे डोळ्यांना तरी फरक दिसे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले.

दोन हिशेब शेजारी असले की चुका होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. उर्दू घरातलं मूल मराठीत 'माझा घर' म्हणतं, कारण त्याच्या हिशेबात तिसरा रकानाच नाही. मराठी घरातलं मूल हिंदीत 'मेरा आवाज' म्हणतं, कारण मराठीत आवाज पुल्लिंगी आहे आणि हिंदीत स्त्रीलिंगी. चहा आपल्याकडे घेतला जातो, चाय तिकडे ली जाती है. आत्मा आपल्याकडे तो, तिकडे ती. अशा चुकांना हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की मूल बेफिकीर नाही. ते एका भाषेचा पक्का नियम दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे वापरत असतं.

चौकट : फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसासाठी

मराठीत तीन लिंगं, फ्रेंचमध्ये दोन. नपुंसकलिंगी जागा बहुतेकदा पुल्लिंगाने घेतली आहे.
मराठी लिंग शेवटच्या स्वरात ऐका: काळा, काळी, काळं. फ्रेंच लिंग शेवटच्या व्यंजनात ऐका: 'ग्राँ', 'ग्राँद'.
मराठीत 'आ'ने न संपणारं विशेषण बदलत नाही. फ्रेंचमध्ये पुल्लिंगी रूपालाच शेवटी ते न उच्चारलं जाणारं 'ई' असेल, तर विशेषण बदलत नाही.
मराठी विशेषण नामाआधी येतं. फ्रेंच विशेषण बहुधा नामानंतर येतं, पण लहान, मोठा, सुंदर अशी रोजची काही आधी येतात.
फ्रेंच 'सुंदर'ला तीन रूपं: पुल्लिंगी 'बो', स्त्रीलिंगी 'बेल', आणि पुढचा पुल्लिंगी शब्द स्वराने सुरू झाला तर पुन्हा 'बेल', फक्त लिहिण्यात आखूड.

दोघे, दोघी आणि दोघं

नपुंसकलिंग हे मराठीवरचं ओझं आहे, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

दोन पुरुष आले तर आपण म्हणतो, ते दोघे आले. दोन बायका आल्या तर, त्या दोघी आल्या. एक पुरुष आणि एक बाई आली तर, ती दोघं आली. तिघे, तिघी, तिघं. चौघे, चौघी, चौघं. मिश्र जमावासाठी मराठी तिसरं लिंग वापरते, म्हणजे कोणाला कोणाखाली ढकलावं लागत नाही. आदराने 'आई-वडील आले' म्हणतो, ते वेगळं. पण सहज बोलण्यात 'नवरा-बायको दोघं आली' हीच आपली रीत.

फ्रेंचकडे ही सोय उरली नाही. तिसरं लिंग गेलं, मग मिश्र जमावाला विशेषण कोणतं लावायचं? शंभर बायका आणि एक पुरुष समाधानी असले, तर विशेषण पुल्लिंगी. सतराव्या शतकापर्यंत तिथे जवळच्या नामाप्रमाणे विशेषण वळवायचीही रीत होती, जशी आपण 'तिची टोपी आणि सदरा' म्हणताना वळवतो. 1647 मध्ये व्होजला या व्याकरणकाराने पुल्लिंग हे अधिक थोर लिंग आहे, असं कारण देऊन त्याला वरचढ ठरवलं आणि पुढे शाळांतून तोच नियम पक्का झाला. त्याविरुद्धची खदखद अजून शमलेली नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये तिथल्या 314 शिक्षकांनी जाहीर केलं की पुल्लिंग वरचढ हा नियम आम्ही यापुढे शिकवणार नाही.

पदांच्या नावांवरूनही तिथे बराच काळ वाद चालला. फ्रेंच अकादमीने व्यवसायांच्या स्त्रीलिंगी रूपांना मान्यता दिली ती थेट फेब्रुवारी 2019 मध्ये. मराठीत 'सरपंच' शब्द तोच ठेवूनही काम भागतं, कारण बाकीचे शब्द मार्का लावतात: नवे सरपंच आले, नव्या सरपंच आल्या.

दडलेलं नाम

काही वेळा नाम समोर नसतंच, तरी विशेषण आणि क्रियापद त्याच्या तालावर चालतात. परभणी स्टेशनवर उभं राहा. 'तपोवन आली का?' असं विचारतात. तपोवन हा शब्द नपुंसकलिंगी आहे. मग 'आलं' का नाही? कारण बोलणाऱ्याच्या मनात 'गाडी' आहे. तसंच ज्वारीचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचं नाव 'परभणी मोती'. मोती पुल्लिंगी, पण शेतकरी 'परभणी मोती पेरली' म्हणतो. आतून ज्वारी बोलते.

मे 2020 मध्ये फ्रेंच अकादमीने कोविड हा शब्द स्त्रीलिंगी मानावा असं सांगितलं, तेव्हा तिने हेच तत्त्व धरलं. त्या संक्षेपातलं मूळ नाम 'रोग' आहे आणि फ्रेंचमध्ये रोग स्त्रीलिंगी आहे. तोवर लोक 'विषाणू' मनात धरून पुल्लिंगी वापरत होते. मराठीने कोरोनाला त्याचा शेवटचा 'आ' ऐकून पुल्लिंगी ठरवलं आणि विषय संपला.

या दडलेल्या नामाचं सर्वांत जुनं आणि देखणं उदाहरण आपल्या गावांतच आहे. गावकरी कसदार शेतजमिनीला नुसती 'काळी' म्हणतात आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी'. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, ढासळलेल्या भिंतींची माती, शेणकूर यांनी वस्तीची जमीन फिकट होत जाते. 'काळी' आणि 'पांढरी' ही दोन विशेषणं, नाम कुठेच नाही. तरी दोन्ही स्त्रीलिंगी, कारण आत माती आहे, जमीन आहे.

गुरुजी-बाईंना एक विनंती

फ्रेंच शिकवणारे शिक्षक नाम कधी एकटं देत नाहीत. त्याच्याआधी लिंग दाखवणारा एक छोटा शब्द जोडूनच देतात. मूल 'टेबल' शिकत नाही, 'ती टेबल' शिकतं, कारण फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी आहे. मराठीत असा छोटा शब्द नाही, पण आपल्याकडे त्याहून चांगलं साधन आहे: बदलणारं विशेषण.

जिंतूर, पाथरी, पूर्णा, गंगाखेड, परभणीच्या ज्या वर्गांत उर्दू, तेलुगू किंवा बंजारा बोलणारी मुलं मराठी शिकतात, तिथल्या गुरुजींनी आणि बाईंनी फळ्यावर नुसतं 'घर' लिहू नये. 'मोठं घर' लिहावं. त्याखाली 'मोठी भिंत', त्याखाली 'मोठा दरवाजा'. विशेषण 'मोठा'च घ्यावं, 'सुंदर' घेऊ नये, कारण 'सुंदर घर, सुंदर भिंत' यातून मुलाला काहीच कळत नाही. आणि मूल 'माझा घर' म्हणालं, तर वर्ग हसण्याआधी आपण शांतपणे 'हो, तुझं घर' म्हणून त्याच्याशी पुढे बोलत राहावं.